निळ्या गेटची कंपनी

यंदा थंडी दिवाळी संपायची वाट न बघताच आली. सकाळी कामावर निघताना स्कूटरच्या सीटवर दव साचलेलं असतं, हँडल धरलं की बोटं आखडतात. नाशिककरांना या थंडीचं कौतुक फार. स्वेटर बाहेर निघतात, टपरीवर चहा पिताना लोक एकमेकांना आकडे सांगतात, आज पारा किती उतरला ते, जणू तो यांनीच उतरवला. गावाकडे द्राक्षवाले पहाटे बागेत धूर करतात, त्याचा वास कधी कधी वाऱ्याबरोबर शहराच्या कडेपर्यंत येतो. मला ही थंडी आवडत नाही. ती आली की मी मनातून थोडी वाईट होते, आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच राहते.

त्यात यंदा बहिणीची मुलगी सानिका नाशिकला राहायला आली. सहामाही तिने एसटीने जा-ये करून काढली. सुट्टीनंतर मात्र कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत चार मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची सोय झाली. सामान टाकून ती माझ्याकडे जेवायला आली, आणि ताट पुढ्यात असतानाच मोबाइल काढून म्हणाली, "मावशी, टिप्स दे ना. शहरात नवीन राहणाऱ्यांसाठी. तू पण अशीच राहिली होतीस ना?"

मी दिल्या. रिक्षात पाय ठेवण्याआधी शेअर का स्पेशल ते विचारायचं. आधारच्या आणि मार्कशीटच्या झेरॉक्स कायम बॅगेत ठेवायच्या. मेसमध्ये पहिल्या आठवड्यात जे आवडलं नाही ते पहिल्या आठवड्यातच बोलायचं, नंतर कोणी ऐकत नाही. बादलीवर नाव घालायचं. आजारी पडलं तर घरी आधी कळवायचं, मग मैत्रिणींना. घरमालकीण 'मी तुझ्या आईसारखी' म्हणाली की खोलीला वेगळं कुलूप लावायचं. सानिका भराभर टाइप करत होती, हसत होती. "मावशी, तू कसली पक्की आहेस गं."

पक्की. हा शब्द मला पहिल्यांदा जिने लावला ती केतकी. आणि वरच्यातल्या बऱ्याचशा टिपा तिच्याच आहेत.

मी देवळ्याची. आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान. शाळांचे गणवेश, लग्नसराईत ब्लाऊज, उरल्या वेळात पँटी आखूड कर, चेन बदल. गावात नानांना मान होता तो शिलाईसाठी कमी आणि हिंडण्यासाठी जास्त. कापड आणायला ते एकटे मालेगावला जायचे, सुरतेला जायचे. कुणाला मुंबईच्या इस्पितळात जायचं असलं, कुणाला पुण्यात पोराला भेटायला, तर तो आधी नानांच्या दुकानात यायचा. नाना कापडावरच्या खडूने टेबलावर रेघा ओढून दाखवायचे. इथे उतरायचं, इथून डावीकडे, इथे कोणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं आणि टेबलावर अख्खं सुरत उमटलेलं असायचं.

मला बारावीला बरे मार्क पडले, नाशिकला बीएस्सीला प्रवेश मिळाला. जूनमध्ये गणवेशाचा हंगाम, नानांना मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणून मामा आला, त्याने मला फ्लॅटवर सोडलं. नानांनी तो फ्लॅट पाहिला नव्हता. "दिवाळी झाई की येसू," म्हणाले होते.

केतकी तिसऱ्या वर्षाला होती. उंच, सुरेख, आणि बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला आपोआप आपला आवाज खडबडीत वाटायला लागावा. आम्ही दोघी नव्या होतो. मी आणि सिन्नरची आरती. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हाला पलंगावर बसवून सगळं समजावलं. कुठली भाजीवाली सडकं देते, कुठल्या रस्त्यावर सातनंतर एकटीने जायचं नाही, प्रॅक्टिकलची वही कुठून घ्यायची. त्यातलं बहुतेक खरं होतं, आजही खरं आहे. पण मधूनच, त्याच मऊ आवाजात, ती काही खोटं घालायची. भाजीत खडा यावा तसं. तो दाताखाली येईपर्यंत कळत नाही.

तिने सांगितलं, विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये चपला काढून जायचं. मी गेले. अनवाणी, गार फरशीवर उभी राहिले. सर माझ्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "देवळात आलीस का?" बाहेर काचेपलीकडे केतकीच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. तिने सांगितलं, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला डिस्टिल्ड वॉटर ज्याचं त्याने आणायचं असतं. मी गाड्यांच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानातून कॅन घेतला आणि तो काखेत मारून वर्गात शिरले. तो वर्ग हसला तसा वर्ग मी त्यानंतर कधी हसताना पाहिला नाही. संध्याकाळी केतकीने मला जवळ घेतलं. "अगं, गंमत गं. सगळ्यांची होते. रडलीस तर जास्त करतील." आणि ती खरंच माझ्या केसांवरून हात फिरवत होती. मला तेव्हा आईची आठवण आली, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि तिने सांगितलं होतं, फर्स्ट इयरच्या मुलींनी फोन कॉलेजात न्यायचा नाही. सापडला तर जप्त होतो, वर्ष संपल्यावर परत मिळतो. माझा बटणांचा साधा फोन होता, नानांनी घेऊन दिलेला. तो जप्त होणं मला परवडणारं नव्हतं. मी रोज सकाळी तो हॉलमधल्या फळीवर ठेवून जायची. आरतीसुद्धा ठेवायची. दुपारी फ्लॅटवर केतकी आणि तिच्या दोघी मैत्रिणी असायच्या, कारण तिसऱ्या वर्षाला दुपारची लेक्चर्स कमी.

डिसेंबरातली गोष्ट. त्या वर्षी थंडी अशीच कडक होती. रात्री फोनवर मी आईला म्हणाले होते की इथे फार गारठतं. बस, एवढंच. नानांनी ते ऐकलं. ब्लँकेटचं जाडसर कापड होतं, त्याचं त्यांनी बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, आत मऊ अस्तर घातलं. आणि मला न कळवता सकाळच्या एसटीने नाशिकला आले.

पुढचं मला आरतीने सांगितलं. त्या दिवशी तिला ताप होता, ती फ्लॅटवरच पडून होती.

स्टँडवर उतरून नानांनी फोन लावला. केतकीने उचलला. "काका, मी अश्विनीची मैत्रीण. ती ना आज कॉलेजबरोबर अंबडला गेलीय, कंपनी बघायला. संध्याकाळपर्यंत तिथेच असेल. तुम्ही तिकडेच जा ना, तिला किती छान वाटेल." नानांनी विचारलं, कंपनी कोणती. केतकीने मैत्रिणींकडे बघून डोळे मोठे केले आणि म्हणाली, "नाव नाही माहीत काका. निळं गेट आहे."

मी आज अंबडच्या एमआयडीसीतच नोकरी करते, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे खात्रीने सांगते, तिथे निम्मी गेटं निळी आहेत. रस्ते सरळ, एकमेकांसारखे, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, ऑइलचा आणि पेंटचा वास, आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, फक्त ट्रक. गेटवरचा वॉचमन खिडकीतून विचारतो, "किसको मिलना है?" येणाऱ्याकडे कंपनीचं नाव नाही, साहेबाचं नाव नाही, फक्त 'माझी पोरगी' एवढंच उत्तर असेल, तर खिडकी बंद होते.

नानांनी दुसऱ्यांदा फोन लावला तेव्हा केतकीने स्पीकर चालू केला. "काका, पाण्याची टाकी दिसते का? तिच्या पुढे." तिसऱ्यांदा लावला तेव्हा, "अरे, मग तुम्ही पुढे गेलात. मागे या." मुली उशीत तोंड खुपसून हसत होत्या. नाना म्हणत होते, "निळं गेट शे, पन आठे कोनी पोरी नही." फोन ठेवल्यावर एकीने तेच वाक्य तशाच हेलात म्हणून दाखवलं. मग दुसरीने. आरती म्हणाली, पुढच्या फोनची त्या वाट बघत होत्या. मध्येच त्यांनी चहा केला, कप हातात घेऊन बसल्या. नाना पुन्हा बोलले. मग एकदा त्यांचा फोन बोलता बोलताच बंद पडला, बहुतेक बॅटरी संपली, आणि मुलींना हळहळ वाटली. मॅच पावसाने बंद पडली की वाटते तशी.

मी पाचला परत आले. फोन फळीवर होता तसा होता. सवयीने घरी लावला, तर आई म्हणाली, "तुना बाप भेटना ना? जाकीट बसनं का?"

मला काही कळेना. मी हॉलमध्ये आले. तिघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी विचारलं, माझे वडील आले होते का. केतकीने मान वळवली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते अपराधीपण नव्हतं. चुकून एखादी गोष्ट सांगायची राहून गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तेवढंच होतं. "हो अगं, फोन होता. आम्ही जरा फिरवलं त्यांना. परत येतील की, लहान आहेत का?"

आरती तापातच उठली, स्वेटर चढवला आणि माझ्याबरोबर निघाली. रिक्षात ती सगळं सांगत होती आणि मध्येच म्हणाली, "मीपण हसले गं अशू. एकदाच. पण हसले." मला तिचा राग आला नाही. रागाला कुठे जागाच नव्हती. आम्ही अंबडच्या रस्त्यांवरून फिरत राहिलो. अंधार पडत होता, शिफ्ट सुटली होती, कामगार मोटारसायकलींवरून मफलर गुंडाळून निघाले होते. मी नानांची समजून प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे धावत होते. रिक्षावाला वैतागला, मग त्याला कळलं काय झालंय ते, मग तोही वाकून वाकून बघू लागला. नाना नव्हते. तिथून स्टँडवर गेलो. देवळ्याची गाडी निघून गेली होती.

आम्ही तिथेच बसून राहिलो. शेवटी रात्री आईचा फोन आला की नाना पोचले. मी म्हटलं, नानांना दे. ते फोनवर आले. घसा बसला होता.

"नाना, काय झालं?"

"काई नही माय. मीच चुकनू. तुनी मैत्रीन नीट सांगत व्हती, मालेच सापडनं नही." मग म्हणाले, "भारी गोड बोलनी ती पोरगी. तिले बी एक जाकीट शिवू का?"

मी स्टँडच्या खांबाला टेकून उभी होते. आता वाटतं, त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार? की तुम्ही चुकला नाहीत, तुमच्यावर चार जणी हसत होत्या? चुकलेला माणूस आणि हसं झालेला माणूस, यातलं बापाने काय व्हावं, हे अठराव्या वर्षी मला ठरवायचं होतं. मी म्हटलं, शिवा.

आठवड्याने मामा दोन जाकिटं घेऊन आला. केतकीला ते इतकं आवडलं की तिने हिवाळाभर घातलं. कॉलेजात कोणी विचारलं की सांगायची, "अश्विनीच्या बाबांनी शिवलंय, काय फिनिशिंग आहे बघ!" मनापासून सांगायची. हेच मला सहन होत नसे. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त नाना माणूस वाटले नव्हते, फोनमधून येणारा एक आवाज वाटला होता. जाकीट मात्र तिला खरं वाटलं.

मी तिच्याशी भांडले होते, नाही असं नाही. त्याच आठवड्यात भांडले, घसा फुटेपर्यंत. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बघ, पहिल्या दिवशी तुझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. आता कशी बोलतेस. झालीस ना पक्की?" दुसरी खोली मधल्याच सत्रात मिळणं शक्य नव्हतं. वर्ष तिथेच काढलं. ती पास होऊन गेली, जाताना गळ्यात पडून रडली.

त्यानंतर नाना नाशिकला आले नाहीत. पदवी मिळाली तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हा नाही, मी इथे घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीलाही आई मामाबरोबर आली. दर वेळी काहीतरी काम निघायचं. एवढंच असतं तर चाललं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात ते सुरतेलाही गेले नाहीत. मालेगावच्या व्यापाऱ्याचा माणूस जे कापड आणून टाकेल ते घ्यायला लागले. महाग, आणि रंग उडणारं. गणवेशाची गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. कोणी दुकानात येऊन रस्ता विचारला तर म्हणायचे, "मोबाइलमां पाहा भाऊ, आते समदं बदली गयं." आई म्हणायची, तुझ्या बापाचे पाय गेले. पाय ठणठणीत होते. मला माहीत होतं काय गेलं ते. रस्ता चुकलो, या एका गोष्टीने त्यांचं सगळं हिंडणं संपवलं, असं मी धरून चालले होते. आणि म्हणून, जसजशी वर्षं गेली तसतसं मला वाटू लागलं की खरं सांगून टाकावं. हसं झालं म्हणून वाईट वाटेल, पण निदान आपलं डोकं ठिकाणावर होतं हे तरी कळेल.

गेल्या थंडीत मी देवळ्याला गेले होते. आई शेजारणीबरोबर कांद्याच्या लागवडीला गेली होती, घरात आम्ही दोघंच. दुकान आता घराच्या ओट्यावर आलंय. नाना उन्हात मशीन घेऊन बसले होते, कुणाच्या तरी गोधडीला किनार लावत होते. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. केतकी, फोन, स्पीकर, निळं गेट. की ती कंपनी नव्हतीच. की ते चुकले नव्हते.

मशीन चालूच होतं. टोकापर्यंत शिवण आली तेव्हा त्यांनी चाक हाताने थांबवलं, दोरा तोडला.

"माले माहीत शे," म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या फोनलेच समजनं. हसानं ऐकू येत व्हतं ना."

"मग तुम्ही फिरत का राहिलात? कॉलेजात का नाही आलात सरळ?"

त्यांनी गोधडी उलटी केली. दुसरी बाजू मशीनखाली सरकवली. सुई कापडावर टेकवली, पण पाय चालवला नाही.

"वाटनं, तू बी तठेच व्हशी. तू बी हसत व्हशी." खूप साध्या आवाजात बोलले, कपड्याचं माप सांगावं तसं. "पोर शहरमां गई, नव्या मैत्रिनी झाया. बाप अशा पिशवी लिसन उना, तर लाज वाटस पोरले. म्हनं, आपन आते समोर उभं रावानं नही. तिले तठेच रहानं शे, त्यास्नाबरोबर. म्हनीसन त्या पोरीले बी जाकीट शिवं. तुले नीट वागाडतीन."

इतकी वर्षं. पदवी, नोकरी, वास्तुशांती. इतकी वर्षं या माणसाच्या डोक्यात मी त्या हॉलमध्ये, त्या पलंगावर, उशीत तोंड खुपसून हसत बसले होते. आणि दर सुट्टीत मी आले की तो मला स्टँडवर घ्यायला येत होता, माझी बॅग उचलत होता, माझ्यासाठी कोपऱ्यावरची गरम भजी आणत होता.

"नाना, मी नव्हते तिथे," मी म्हणाले. "मी कॉलेजात होते. मला संध्याकाळी कळलं. मी अंबडला आले होते तुम्हाला शोधायला, रिक्षा करून. आरतीला विचारा." हे सगळं मी शहरी मराठीत बोलत होते, शुद्ध, स्वच्छ, एकही शब्द गावाकडचा नाही. घाबरले की माझ्या तोंडून आता हीच भाषा येते. आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं की हा आवाज हुबेहूब तसाच आहे. मऊ, समजूतदार. फोनवर काकांना रस्ता सांगणारा.

नानांनीही तो ऐकला असावा. कारण त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि हसले. लहान मुलाने खोटं बोलताना गळ्याला हात लावून शपथ घ्यावी आणि आपल्याला त्याची दया यावी, तसे.

"जाऊ दे ना माय," म्हणाले. "न्हानी व्हतीस."

आणि मशीन सुरू केलं.